स्थानिक उत्पादन आणि औद्योगिक विकास : बंगळूरचा अनुभव

विकसनशील देशाने वस्तू स्वतःच्या भूमीवर का तयार कराव्यात? परदेशातून ती स्वस्त आणि सरस मिळत असेल, तर ती आयात करावी आणि आपण जे उत्तम पिकवतो ते निर्यात करावे, असे डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त सांगतो. या सिद्धान्ताला फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८४१ मध्ये उत्तर दिले. आज जो देश एखादी वस्तू महाग बनवतो, तो काही वर्षांच्या सरावानंतर ती स्वस्त बनवू शकतो. मात्र त्याला ती वर्षे मिळाली पाहिजेत, हे लिस्ट यांच्या ‘बालउद्योग संरक्षणा’चे सार होय. परीक्षार्थी बहुधा या युक्तिवादाचा पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. संरक्षण तात्पुरते असते आणि बालकाने मोठे व्हायचे असते, ही अट लिस्ट यांच्या मांडणीतच अंतर्भूत आहे.

या चर्चेला पुढे अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मध्ये ‘अनुबंधा’ची जोड दिली. एक कारखाना उभा राहिला की त्याला कच्चा माल आणि सुटे भाग पुरवणारे उद्योग मागे उभे राहतात, तर त्याचा माल वापरणारे उद्योग पुढे उभे राहतात. ज्या उद्योगाचे असे अनुबंध अधिक, त्याला गुंतवणुकीत अग्रक्रम द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. ही सूत्रे कागदावर सुबक दिसतात. ती प्रत्यक्षात कुठे फळली आणि कुठे अडली, हे पाहायचे असेल तर बंगळूरसारखे दुसरे शहर भारतात क्वचितच सापडेल. १ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव बेंगळुरू असे झाले. संगणक प्रणालीचे शहर म्हणून आज त्याची ख्याती असली, तरी पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये तेथे गेली आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये आली, तेव्हा त्या शहरात विमाने, दूरध्वनी संच, रडार, घड्याळे आणि लेथ बनवणारे हजारो हात कित्येक वर्षे आधीपासून कामाला लागलेले होते.

संस्थानाचा पुढाकार

ब्रिटिश भारतात सरकारी धोरण उद्योगांना फारसे अनुकूल नव्हते. १९२१ च्या वित्तीय आयोगाने ‘विवेकी संरक्षणा’ची शिफारस केल्यानंतर १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला संरक्षण मिळाले, हाच काय तो ठळक अपवाद. म्हैसूर संस्थानाची वाट मात्र निराळी होती. शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राची वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ मध्ये बंगळूरला मिळाली. संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात संस्थानाचे दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६), बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची आखणीही त्याच काळातली. त्यात उत्पादन १९२३ मध्ये सुरू झाले.

या सर्वांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने बोलके उदाहरण चंदनाचे आहे. म्हैसूरचे चंदनाचे लाकूड पूर्वी जर्मनीला जाई आणि तेथे त्याचे तेल काढले जाई. पहिल्या महायुद्धामुळे हा व्यापार एकाएकी थांबला आणि लाकडाचे ढीग पडून राहिले. संस्थानाने भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने १९१६ मध्ये बंगळूरमध्येच तेलाचा कारखाना काढला आणि त्यामागून चंदनाचा साबण आला. कच्चा माल, प्रयोगशाळा, भांडवल आणि बाजारपेठ या चारही गोष्टी एका संकटामुळे एकत्र आल्या. मूल्यवृद्धी म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा सोपे उदाहरण नाही. युद्ध नसते तर ते लाकूड आणखी किती वर्षे जहाजाने परदेशी गेले असते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

वालचंद, घाटगे आणि विमानाचा कारखाना

सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद आणि विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास भारतात मोटारी बनवण्याची योजना पुढे आणली. विश्वेश्वरय्यांनी त्यासाठी युरोप आणि अमेरिकेचा दौरा केला. तथापि भारत सरकारचे पाठबळ मिळाले नाही आणि ही योजना त्या वेळी मूर्त स्वरूपात आली नाही. वालचंदांचा मोटार कारखाना पुढे १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने मुंबईत निघाला. पाठबळ नाकारणाऱ्या त्याच सरकारला दुसरे महायुद्ध सुरू होताच विमानांची निकड भासू लागली. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांच्या कंपनीने यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ पुरवले. १९४१ मध्येच हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान तेथून उडाले. त्याच वर्षी भारत सरकार भागधारक झाले आणि १९४२ मध्ये व्यवस्थापन सरकारने आपल्याकडे घेतले. १९४३ पासून युद्धकाळात हा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरला गेला.

हार्लो विमान बंगळूरमध्ये ‘बनले’ असे म्हणताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. आराखडा अमेरिकी होता, मुख्य भाग अमेरिकेतून आले होते आणि जुळणी बंगळूरमध्ये झाली होती. उत्पादनाच्या शिडीवर जुळणी ही पहिली पायरी, परदेशी परवान्याखाली भाग घडवणे ही दुसरी, स्वतःचा आराखडा ही तिसरी आणि त्या आराखड्याचे सर्वांत अवघड अंग स्वतः घडवणे ही चौथी, अशी मांडणी करता येईल. बंगळूरने तिसरी पायरी अपेक्षेपेक्षा लवकर गाठली. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १७ जून १९६१ रोजी, जर्मन अभिरचनाकार कुर्ट टांक यांच्या चमूने येथेच तयार केलेल्या ‘एचएफ-२४ मरुत’ या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण केले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी विलीनीकरणातून हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही आजची कंपनी अस्तित्वात आली.

मरुतचा सांगाडा उत्तम होता, परंतु त्याला साजेसे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. ऑर्फियस हे ब्रिटिश इंजिन परवान्याखाली बंगळूरमध्ये तयार होत असे. मरुतला त्याहून अधिक शक्तीचे इंजिन हवे होते आणि ते विकसित करण्याची क्षमता देशात नव्हती. १४७ विमानांनंतर उत्पादन थांबले.

यंत्रे घडवणारी यंत्रे

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने बंगळूरमध्ये एकामागून एक सार्वजनिक उपक्रम उभारले. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्तान मशीन टूल्स म्हणजेच एचएमटी (१९५३), भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) आणि भारत अर्थ मूव्हर्स (१९६४) ही त्यांतील प्रमुख नावे. हवामान सौम्य, समुद्रकिनारा आणि सीमा दोन्ही दूर, वीज उपलब्ध, विज्ञान संस्था शेजारी आणि संस्थानाकडून मिळालेली मोकळी जमीन, अशी या निवडीमागील कारणे होती. १९४८ आणि १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावांनी सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान दिले, तर महालनोबिस यांच्या मांडणीवर आधारलेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने (१९५६-६१) यंत्रे आणि अवजड उद्योगांवर भर दिला.

त्या मांडणीचा गाभा एचएमटीमध्ये दिसतो. कापडगिरणी कापड बनवते. लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग यंत्रे मात्र इतर यंत्रांचे भाग बनवतात. ज्या देशाकडे ही ‘मातृयंत्रे’ नाहीत, त्याला प्रत्येक नव्या कारखान्यासाठी परकीय चलन खर्चावे लागते. म्हणून स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉन कंपनीच्या सहकार्याने जलहळ्ळी येथे हा कारखाना निघाला. काही वर्षांतच तो इतका सक्षम झाला की १९६१ मध्ये बंगळूरमधील दुसरा कारखाना त्याने स्वतःच्या नफ्यातून उभारला. सार्वजनिक उपक्रम म्हणजे तोटा हे समीकरण मनात पक्के बसलेल्यांनी ही घटना विसरू नये. पुढे पिंजोर, कळमश्शेरी आणि हैदराबाद येथे एचएमटीचे कारखाने झाले.

या क्षेत्रात एचएमटी एकटी नव्हती, हे मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. बेळगावात १८८८ मध्ये सायकलीच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचलेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या घराण्याने म्हैसूर संस्थानातही पाय रोवला. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना आणि १९४६ मध्ये बंगळूरमध्ये विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी सुरू झाली. मोटारवाहनांचे स्पार्क प्लग आणि इंधन पंप बनवणारी मायको कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला आली. २००८ पासून ती बॉश या नावाने ओळखली जाते. भारत फ्रिट्झ वर्नर ही यंत्रनिर्मिती कंपनी १९६१ मधील. संशोधनासाठी केंद्रीय यंत्रहत्यार संस्था १९६२ मध्ये तुमकूर रस्त्यावर स्थापन झाली.

मातृयंत्रांच्या उद्योगाची एक जन्मजात अडचण आहे. अर्थव्यवस्था थोडी मंदावली की कापडाची मागणी थोडीशीच घटते, पण नव्या यंत्राची मागणी जवळजवळ थांबते; कारण जुने यंत्र आणखी काही वर्षे चालवता येते. अर्थशास्त्रात हे ‘त्वरण तत्त्व’ म्हणून ओळखले जाते. १९६५ चे युद्ध, लागोपाठचे दुष्काळ आणि १९६६ ते १९६९ ची योजनेची सुट्टी यांमुळे यंत्रांच्या मागण्या आटल्या आणि एचएमटीला तीव्र मंदी सोसावी लागली. तिने त्यातून मार्ग काढला तो विविधीकरणाचा. छपाईयंत्रे आली, १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञानावर पिंजोरला ट्रॅक्टर आले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झालेली मनगटी घड्याळे तर घरोघरी पोहोचली होतीच. दहावीत चांगले गुण मिळाल्याबद्दल एचएमटीचे घड्याळ बक्षीस मिळालेली एक पिढी महाराष्ट्रातही आहे.

याच घड्याळांच्या व्यवसायाने कंपनीची मर्यादाही दाखवून दिली. जगात क्वार्ट्झ घड्याळांचे युग सुरू झाले होते. एचएमटीने तीही बनवली, परंतु तिचा भर चावीच्या यांत्रिक घड्याळांवरच राहिला. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी स्थापन केलेल्या टायटनने बंगळूरपासून जवळच, पण राज्याच्या सीमेपलीकडे, होसूर येथे कारखाना काढला आणि १९८७ पासून क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली. गिऱ्हाईक त्या बाजूला वळले. १९९१ नंतर आयात सुलभ झाली, तस्करीच्या जागी उघड स्पर्धा आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना तत्पूर्वीच, या शतकाच्या आरंभी, बंद पडला होता. मालकी सरकारी होती की खासगी, यापेक्षा तंत्रज्ञान बदलताना भांडवल ओतले गेले की नाही, हा घटक अधिक निर्णायक ठरला असे दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता दिसते.

पीण्या : कारखान्यामागचे कारखाने

मोठ्या उपक्रमाचे यश ताळेबंदात मोजले जाते. त्याने शहराला काय दिले, हे मात्र ताळेबंदात दिसत नाही. एचएमटीने आपल्या आवाराशेजारी पूरक उद्योगांची वसाहत वसवली आणि प्रशिक्षित कारागिरांना तेथे छोटे कारखाने काढण्यास प्रोत्साहन दिले. राजाजीनगरची औद्योगिक वसाहत त्याच काळातली. १९६० मध्ये राज्याचे लघुउद्योग विकास महामंडळ आणि १९६६ मध्ये औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० च्या दशकात शहराच्या वायव्येस पीण्या औद्योगिक वसाहत आकाराला आली. ती आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते.

पीण्याच्या गल्ल्यांतून फिरले असता हर्शमन यांचा ‘मागचा अनुबंध’ डोळ्यांनी पाहता येतो. एका गाळ्यात दोन-तीन संगणकनियंत्रित लेथ असतात आणि विमानाच्या किंवा मोटारीच्या भागाचे जॉबवर्क चाललेले असते. शेजारी उष्णता प्रक्रिया, पलीकडे मुलामा देण्याचे काम, समोर रंगलेपन आणि कोपऱ्यावर साचे घडवणारा कारागीर. एखाद्या कारखानदाराला नमुना हवा असेल तर सकाळी दिलेल्या आरेखनाचा भाग सायंकाळी हाती येऊ शकतो, कारण लागणारी प्रत्येक प्रक्रिया चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक समूहांविषयी नेमके हेच सांगितले होते: जवळजवळ राहणाऱ्या उद्योगांत कौशल्य जणू हवेतून पसरते. १९७९ मध्ये तंत्रज्ञ-उद्योजकांनी स्थापन केलेली एस डिझायनर्स ही कंपनी या वातावरणातून वाढली आणि संगणकनियंत्रित लेथच्या देशी उत्पादनात अग्रेसर ठरली. यंत्रहत्यारांचे ‘इमटेक्स’ हे राष्ट्रीय प्रदर्शन २००७ पासून बंगळूरमध्ये भरते, हा योगायोग नव्हे. बेळगावच्या ओतशाळा आणि सूक्ष्म-यंत्रणाचे कारखाने, तसेच त्यांना लागून असलेला कोल्हापूरचा ओतकाम व्यवसाय याच साखळीचे उत्तरेकडील दुवे होत.

छोट्या कारखानदाराचे प्रश्नही येथेच दिसतात. त्यांतला सर्वांत जुना प्रश्न कर्जाचा किंवा तंत्रज्ञानाचा नसून थकलेल्या देयकाचा आहे. मोठा खरेदीदार माल घेतो आणि पैसे महिनोन्‌महिने देत नाही. लहान पुरवठादाराला मात्र पोलादाची किंमत, वीज आणि मजुरी वेळेवर द्यावी लागते. अशा रीतीने दुर्बळ घटक प्रबळ घटकाला बिनव्याजी भांडवल पुरवतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाने ४५ दिवसांत देयक चुकवणे बंधनकारक केले आणि विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरवले. तरीही वसुलीसाठी दाद मागणारा पुरवठादार पुढची मागणी गमावण्याच्या भीतीने गप्प राहतो. म्हणूनच २०२३ च्या वित्त कायद्याने मुदतीत न दिलेल्या अशा देयकाची प्राप्तिकरातील वजावट त्या वर्षापुरती रोखली. सूक्ष्म आणि लघु उपक्रमांना लागू असलेली ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. त्यामुळे तक्रार करण्याचा भार पुरवठादारावरून काही अंशी दूर झाला. काही खरेदीदारांनी मध्यम उद्योगांकडे वळण्याचा मार्ग शोधला, अशी तक्रारही त्यापाठोपाठ आली.

या उपक्रमांच्या व्याख्या परीक्षेत वारंवार विचारल्या जातात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उपक्रमासाठी गुंतवणुकीची मर्यादा २.५ कोटी आणि उलाढालीची १० कोटी रुपये, लघु उपक्रमासाठी अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी आणि मध्यम उपक्रमासाठी १२५ कोटी व ५०० कोटी रुपये अशी आहे. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याचे धोरण १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाले, पुढे ते ८०० हून अधिक वस्तूंपर्यंत वाढले आणि एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या २० वस्तू मुक्त झाल्यावर संपले. आरक्षणाने लहान उद्योगाला जगवले, पण मोठे होण्याची शिक्षाही ठेवली, कारण मर्यादा ओलांडताच सवलत जात असे. त्याच्या जागी आलेले सरकारी खरेदीचे धोरण अधिक सुज्ञ म्हणावे लागेल. २०१२ च्या आदेशाने केंद्रीय खात्यांना सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून २० टक्के खरेदी बंधनकारक झाली आणि पुढे हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले.

पीण्याची दुसरी बाजू भूगर्भात आहे. मुलामा देण्याच्या उद्योगांतील क्रोमियम भूजलात उतरल्याचे तेथे आढळले आहे. एका गाळ्यापुरती सांडपाणी प्रक्रिया कोणालाच परवडत नाही. सामायिक प्रक्रिया केंद्राचा खर्च वसाहत आखतानाच धरावा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी धरला गेला नाही.

दूरध्वनीपासून भ्रमणध्वनीपर्यंत

बंगळूरच्या दूरवाणीनगरातील इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने ब्रिटिश आणि नंतर बेल्जियन तंत्रज्ञानावर केंद्रे बनवली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागासाठी लहान इलेक्ट्रॉनिक केंद्र विकसित केले. धूळ आणि उष्णता सोसणारे हे केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे प्रथम कार्यान्वित झाले. स्वतःच्या गरजेतून निघालेल्या आराखड्याचे हे अस्सल उदाहरण. भ्रमणध्वनीच्या लाटेत मात्र देश ग्राहक म्हणून शिरला. माहिती तंत्रज्ञान उत्पादनांवरील जागतिक करारानुसार अशा अनेक वस्तूंवरील आयात शुल्क शून्यावर आले, तर त्यांच्या काही कच्च्या मालावर ते कायम राहिले. तयार वस्तूपेक्षा तिच्या भागांवर अधिक कर अशी ही ‘उलटी शुल्करचना’ स्थानिक उत्पादकाला स्वतःच्याच देशात मागे ढकलते.

२५ सप्टेंबर २०१४ रोजी ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली. भ्रमणध्वनीसाठी टप्प्याटप्प्याने भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम आला, १ एप्रिल २०२० रोजी मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना अधिसूचित झाली आणि पुढे अशा योजना १४ क्षेत्रांना लागू झाल्या. त्यांची एकूण तरतूद १.९७ लाख कोटी रुपये ठरली. बंगळूरमध्ये २०१७ साली पीण्यातच आयफोनची जुळणी सुरू झाली होती. नंतर कोलार जिल्ह्यातील नरसापुरा आणि देवनहळ्ळीच्या परिसरात मोठे कारखाने आले. पूर्वीच्या संरक्षणाहून हे प्रोत्साहन वेगळे आहे: ते आयात रोखत नाही, वाढीव विक्रीवर ठरावीक टक्के रक्कम देते आणि तिला मुदत आहे. लिस्ट यांची विसरली गेलेली अट येथे कायद्यात उतरली, असे म्हणता येईल. त्याचबरोबर विक्रीच्या रकमेवर मोजलेले प्रोत्साहन आत किती भाग देशी आहेत याची फारशी विचारपूस करत नाही. ही उणीव लक्षात घेऊन मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर झाली.

रोजगार हा या धोरणाचा घोषित हेतू आहे आणि तेथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने २०२२ पर्यंत उत्पादन क्षेत्राचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे आणि १० कोटी नवे रोजगार निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. वाटा मात्र १७ टक्क्यांच्या आसपासच राहिला. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम आला तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये या स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेविना रस्त्यावर उतरल्या आणि सरकारने नियम मागे घेतला. कापडउद्योगात नोकरी अनेकदा पाच-सात वर्षांची असते. घरातील लग्न, आजारपण किंवा मुलांच्या शुल्कासाठी हीच रक्कम त्यांची ठेव असते, हे नियम आखणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये नरसापुरा येथे वेतनाच्या तक्रारींवरून कंत्राटी कामगारांचा उद्रेक झाला. कारखाना विक्रमी वेगाने उभारता येतो; हजारो तरुणांचे हजेरीपट, वेतनचिठ्ठ्या आणि वसतिगृहे सांभाळणारी व्यवस्था त्याच वेगाने उभी राहत नाही, हे त्या प्रसंगी उघड झाले.

इंजिनाचा प्रश्न

शिडीच्या चौथ्या पायरीकडे पुन्हा वळणे भाग आहे. ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरमध्ये ‘तेजस’ हे हलके लढाऊ विमान प्रथम उडाले. त्याचा आराखडा देशी आहे, अनेक भाग पीण्या, बेळगाव, कोइम्बतूर आणि हैदराबाद येथील खासगी कारखान्यांतून येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवाई दलासाठी ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांचे करार हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी झाले. संरक्षण खरेदीत देशी आराखडा आणि किमान ५० टक्के देशी घटक असलेल्या वस्तूंना २०२० च्या कार्यपद्धतीने अग्रक्रम दिला आहे. इंजिन मात्र अमेरिकी आहे. बंगळूरच्याच वायुजनित्र संशोधन संस्थेत १९८९ मध्ये मंजूर झालेला ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प अपेक्षित शक्ती गाठू शकला नाही आणि २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करण्यात आला. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांचा पुरवठा २०२३ पासून सुरू व्हायचा होता. पहिले इंजिन मार्च २०२५ अखेर हाती आले. तोवर विमानांचे सांगाडे तयार होऊन उभे होते.

इंजिनाच्या तापलेल्या भागातील पाते एकस्फटिकी मिश्रधातूचे असते, धातू वितळेल अशा तापमानाच्या झोतात ते फिरते आणि त्याच्या आत केसासारख्या बारीक शीतलन-नलिका असतात. असे पाते ओतणे, कोरणे आणि वर्षानुवर्षे तपासणे हे ज्ञान जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे आणि ते कोणत्याही किमतीला सहजासहजी विकले जात नाही. जून २०२३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यात पुढच्या पिढीचे इंजिन भारतात संयुक्तपणे बनवण्याविषयी सामंजस्य करार झाला. त्यात किती प्रक्रिया हस्तांतरित होणार, यावरील वाटाघाटी त्यानंतर दीर्घकाळ चालल्या. पात्यांच्या ओतकामाचे तंत्र मिळते की केवळ तयार पाती बसवण्याचे, हा त्यांतील कळीचा मुद्दा आहे.